रातूंच्या नावाचं खडप

खडपावर रातूंचं नाव घालायची अक्कल उनाइसीचीच होती. पुढं जे झालं त्याचं खापर फोडायला तिला दुसरं कुणी सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर तिनं शोधलंही नाही.

आमच्या वुनितिवी गावात शाळा नाही. शाळा पलीकडच्या बेटावर आहे, मधे तासाभराचं पाणी. म्हणून आमच्याकडे पोर सहा वर्षांचं झालं की सोमवारी पहाटे गादीची वळकटी डोक्यावर घेऊन किनाऱ्यावर उभं राहतं. शाळेची होडी येते, पोरांना वसतिगृहात घेऊन जाते, शुक्रवारी संध्याकाळी परत आणून सोडते. सगळे असेच शिकले. उनाइसी अशीच शिकली, तिचा नवरा इलिआसेरी असाच शिकला, त्यांचा मुलगा सितिवेनी असाच शिकला. यात काही वाईट आहे असं कुणाला वाटत नव्हतं. उनाइसीलाही त्या शुक्रवारपर्यंत वाटलं नव्हतं.

त्या शुक्रवारी सात वर्षांचा सितिवेनी घरी येऊन चटईवर बसला. तिनं कसावा उकडला होता, नारळाच्या रसात मासा शिजवला होता. पोरानं ताटातलं संपवलं, हात मांडीवर ठेवले आणि विचारलं, "आणखी एक घेऊ का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईला. तेव्हा ती हसली होती. पोराला वळण लागलं म्हणून चार घरी कौतुकानं सांगूनही आली होती. मग पुढच्या शुक्रवारीही त्यानं तसंच विचारलं, आणि त्याच्या पुढच्याही, आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की हे पोर घरी येत नाही, पाहुणचाराला येतं. आज सितिवेनी दूर सुवा शहराच्या बंदरात कामाला आहे. नाताळला फोन करतो, चर्चमधल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईशी बोलावं तसा अदबीनं बोलतो, आणि आईची तब्येत विचारून फोन ठेवतो.

त्याची मुलगी केलेरा मात्र उनाइसीपाशी, आपल्या बुबूपाशी म्हणजे आजीपाशीच, वाढली. मोठी आगाऊ कार्टी. चुलीवरून भांडं उतरायच्या आत तिचा हात आत. उनाइसी पळी उगारायची, "हावरट कुठली, बोटं भाजतील," म्हणायची आणि मनातून सुखावायची. केलेरा पाच वर्षांची व्हायला आली तेव्हा उनाइसीनं ठरवलं की काहीही झालं तरी ही पोर रोज संध्याकाळी याच भांड्यात हात घालणार. त्यासाठी गावाची स्वतःची होडी हवी होती, आणि होडीला रोजचं इंधन.

तिच्याजवळ होतं काय? समोरचं खडप. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं तिथवर. त्या खडपावर नामा उगवतो, खायचं समुद्री शेवाळ. हिरव्या बारीक मण्यांचे घोस, तोंडात घातले की फटफट फुटतात आणि सगळा समुद्र जिभेवर येतो. आमच्या बायका तो पिढ्यान्‌पिढ्या घरच्यापुरता खुडत आल्या. बाकीच्या किनाऱ्यावर वाळू, तिथे उगवतो तो खुरटा आणि रेतीनं भरलेला. चांगला नामा म्हणजे त्या एका खडपावरचाच.

नामाचे नखरे फार. गोडं पाणी लागलं की मान टाकतो, फ्रिजमध्ये ठेवला की त्याचं पाणी होतं. तो समुद्राच्याच पाण्यात धुवायचा, झावळीच्या टोपलीत सैल भरायचा, सावलीत ठेवायचा आणि चार दिवसांच्या आत कुणाच्या तरी ताटात पाडायचा. त्याच्याबरोबर खायला आंबवलेलं खोबरं लागतं. ते किसून, पानांत बांधून, दगडाखाली उथळ समुद्रात दाबून ठेवायचं, आंबूस वास सुटेपर्यंत. हे खोबरं उनाइसीच्या हातचं असं व्हायचं की शेजारच्या गावचे लोक काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे जेवणाच्या वेळेला टपकायचे.

तिनं दोन टोपल्या लौतोकाच्या बाजारात नेल्या. तिथे भागमती नावाची बाई चिंच, लोणची, वाळवलेल्या मिरच्या विकते आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना माल पुरवते. भागमतीनं एक घोस तोंडात टाकला, खोबऱ्यात बोट बुडवून चाटलं आणि पुढच्या गुरुवारी किती आणशील, एवढंच विचारलं. तिथून धंदा सुरू झाला.

गावातल्या बायका हाताशी आल्या. खुडणाऱ्या वेगळ्या, टोपल्या विणणाऱ्या वेगळ्या, खोबरं उनाइसीकडे. नियम एकच आणि तो उनाइसीनं सगळ्यांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. नामा बोटांच्या पेरांनी खुडायचा, ओढायचा नाही, मूळ खडकाला राहू द्यायचं. मूळ राहिलं तर महिन्याभरात पुन्हा घोस धरतात. आलेल्या पैशातला बायकांचा वाटा बायकांना, गावाचा वाटा होडीला. वर्ष गेलं आणि एक जुनी फायबरची होडी आली. इलिआसेरी ती चालवायला लागला. रोज सकाळी पोरं भरून न्यायची, रोज दुपारी परत आणायची. वुनितिवीत संध्याकाळी पोरांचा आवाज ऐकू यायला लागला. म्हाताऱ्यांना त्याची सवय नव्हती, ते आधी वैतागले आणि मग संध्याकाळी मुद्दाम अंगणात येऊन बसायला लागले.

तिची भावजय तराइविनी तिला शेठाणी म्हणायची. आमच्याकडे नणंद-भावजयीनं एकमेकींची टर उडवायचीच असते. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडण झालं का म्हणून. "शेठाणी, तुमच्या नामाला आता झोपायला उशी द्या," असं ती टोपल्या भरताना म्हणायची, आणि तिच्यासारखं हलक्या हातानं खुडणारं गावात दुसरं कुणी नव्हतं.

मग चोरी सुरू झाली. चोरी तरी कशी म्हणायची? खडप सगळ्या गावाचं. आणि मागणाऱ्याला नाही म्हणणं आमच्या अंगातच नाही. चार तरुण पोरं भल्या पहाटे जाऊन मुळासकट ओरबाडून आणायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या पर्यटकांच्या बोटींना विकायची. ओरबाडलेल्या जागी खडक पांढरा दिसायला लागला. उनाइसीनं त्यांना समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी परत गेली. त्यांच्या आयांना सांगावं, तर त्यातली एक तिचीच चुलतबहीण.

तेव्हा ती रातू नेमानींकडे गेली. रातू म्हणजे आमच्या गावचे प्रमुख. मोठा देह, साखरेच्या आजारानं गेलेला एक पाय, आणि नामाचे असे शौकीन की डॉक्टरांनी बाकी सगळं बंद केलं तेव्हा ते म्हणाले होते, नामा तरी सोडा माझ्यासाठी. उनाइसीनं रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या मुळांची, म्हणजे ज्यांचं मानाचं पेय करतात त्या मुळांची, जुडी त्यांच्यापुढे ठेवली, खाली मान घालून बसली आणि विनंती केली. ते खडप रातूंनी आपल्या नावाचं म्हणून जाहीर करावं. एकदा ते रातूंचं झालं, की बायका त्यांच्या परवानगीनं खुडतील आणि दुसऱ्या कुणाची हात लावायची छाती होणार नाही.

"म्हणजे माझं नाव राखणीला बसवायचं म्हण," रातू म्हणाले. "कुत्र्यासारखं."

"तसं नाही, रातू."

"अगं बसव की. पाय तर चालत नाहीत, नाव तरी कामाला येऊ दे."

खडपाच्या दोन्ही टोकांना खांब रोवले गेले, त्यांवर रातूंच्या घराण्याची पानं बांधली गेली, आणि त्या दिवसापासून एकाही पोरानं तिकडे पाऊल टाकलं नाही. पांढरे डाग पुन्हा हिरवे झाले. भागमती आणखी दोन हॉटेलं मिळवून बसली. उनाइसी दर गुरुवारी पहिली टोपली रातूंच्या घरी पोचवायची आणि ते दारातूनच ओरडायचे, "राखणदाराचा पगार आला का?" आपण फार शहाणपणा केला असं तिला वाटलं. दोन वर्षं वाटत राहिलं.

रातू गेले ते पावसाळा सरता सरता. शंख फुंकला गेला तेव्हा उनाइसी खोबरं किसत होती. ती तशीच किसणीवर बसून रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. तिला तो माणूस खरंच आवडायचा. मग सगळं बेट लोटलं. चटया आल्या, डुकरं आली, मानाची भेट म्हणून देवमाशाचे दात आले, चर्चमध्ये जागा पुरेना. बायका चुलींपाशी आणि पुरुष मांडवात. रातूंना पुरलं, चौथ्या रात्रीचं जेवण झालं, आणि दुसऱ्या दिवशी वडीलधारे मांडवात बसले.

आमच्याकडे प्रमुख गेला की समुद्रही दुखवटा पाळतो. किनाऱ्याचा एक पट्टा शंभर रात्री बंद. त्यात मासा धरायचा नाही, शिंपला वेचायचा नाही, पाऊलही घालायचं नाही. शंभर रात्री सरल्या की बंदी उठते, त्या पट्ट्यात जे काही वाढलं असेल ते सगळं काढून मोठं जेवण घालतात, आणि मेलेल्या माणसाला मोकळं करतात. उनाइसीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. तरीसुद्धा ती मांडवात चहाची किटली घेऊन फिरत होती तेव्हा तिच्या मनात त्यातलं काहीही नव्हतं, एवढं खरं.

वेरेमो हा प्रमुखाच्या घराच्या वतीनं बोलणारा माणूस. त्यानं घसा साफ केला आणि सांगितलं की रातूंचं खडप बंद होईल. कोणता पट्टा बंद करावा, यावर चर्चासुद्धा झाली नाही. कशाला होईल? समुद्रात एकच जागा होती जिच्यावर मेलेल्या माणसाचं नाव होतं. उनाइसीच्या हातातली किटली कुणाच्या तरी कपावर धरलेलीच राहिली आणि चहा बशीत, बशीतून चटईवर सांडला. पलीकडे तराइविनी पाव कापत होती. तिनं मान वर करून नणंदेकडे बघितलं आणि सुरी खाली ठेवली.

दोन दिवसांनी उनाइसी पुन्हा यंगोनाची जुडी घेऊन गेली, या वेळी रातूंचे धाकटे भाऊ रातू अपाकुकी यांच्याकडे. आता तेच प्रमुख. स्वभावानं फार मऊ माणूस. तिचं म्हणणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ती म्हणाली, बंदी असावीच, पण वाळूच्या बाजूच्या किनाऱ्यावर असावी. नाहीतर निदान आठवड्यातून एक ओहोटी तरी बायकांना मोकळी मिळावी. होडी त्याच्यावर चालते.

"उनाइसी," ते म्हणाले, "त्यांच्या नावाची जागा सोडून वाळू दिली, तर सगळं बेट म्हणेल वुनितिवीनं आपल्या रातूला उरलंसुरलं दिलं. पूर्वी त्या खडपाला कोण विचारत होतं? तू त्याला किंमत आणलीस. तू आणलीस म्हणून ते त्यांना देण्यासारखं झालं. याचा तुला मान वाटायला हवा."

"मान वाटतो, रातू. पण पोरं..."

"पोरं आधीही शाळेत जातच होती ना? मी त्याच वसतिगृहात वाढलो. काय वाईट झालं माझं?"

उनाइसीनं त्यांच्याकडे बघितलं. साठीचा माणूस, गावाचा प्रमुख, आणि कितीही मोठ्या पंगतीत बसला तरी ताटाभोवती डाव्या हाताचं कुंपण घालून जेवतो, कुणी उचलून नेईल की काय अशा घाईनं. हे सगळ्या गावानं बघितलेलं होतं. ते त्यांना सांगायचं कसं? तिनं रिवाजाप्रमाणे टाळी वाजवून आभार मानले आणि ती घरी आली. आल्यावर इलिआसेरीनं काय झालं विचारलं तर त्याच्यावरच खेकसली.

भागमतीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली की हॉटेलवाले काही माझे भाऊ नाहीत, त्यांना दर गुरुवारी माल लागतो. मुआनिदेवो गावचे लोक कधीपासून मागे लागलेत, त्यांच्याकडून घ्यावा लागेल. "पण उघडल्या उघडल्या पहिल्या गुरुवारी तू माल आण," ती म्हणाली. "त्यांचा नामा चालेल, पण त्यांचं खोबरं म्हणजे नुसता चुना. जागा ठेवते तुझ्यासाठी. एक गुरुवार. त्यानंतर माझ्या हातात नाही." एवढं तरी ती बोलली, याचं उनाइसीला बरं वाटलं.

मग वाट बघणं आलं. सुरुवातीला पुरुषांनी मासे विकून होडीला इंधन घातलं. पण दुखवट्यात चर्चचं देणं असतं, येणाऱ्याजाणाऱ्याचं जेवण असतं, आणि कुणी किती दिवस ओढणार? उनाइसीनं आपल्या लग्नातल्या चटया काढल्या, लोकरीचे काठ असलेल्या, आणि लौतोकाला नेऊन विकल्या. तराइविनीनं डुकराचं पिल्लू विकलं आणि वर ऐकवलं, "शेठाणीच्या नादी लागून माझा नाताळ गेला." होडी कशीबशी चालत राहिली. शेवटी शेवटी आठवड्यातले तीनच दिवस. बाकीचे दिवस पोरं शाळेत जातच नव्हती, आणि मास्तरांचे निरोप येत होते की असं चालायचं नाही.

तिला धीर होता तो एका गोष्टीचा. रोज ओहोटीला ती किनाऱ्यावर उभी राहून खडपाकडे बघायची. कुणाचा हात लागत नव्हता आणि नामा दाटत चालला होता. इतका हिरवा तिनं आयुष्यात बघितला नव्हता. ती मनाशी हिशेब मांडायची की बंदी उठेल त्या दिवशी जेवणापुरता पेरांनी खुडला, मुळं राहिली, तर पुढच्या गुरुवारपर्यंतही बाजूबाजूचा माल हाती येईल. भागमतीनं जागा ठेवलीच आहे. तिनं एकेका बाईला गाठून वचन घेतलं. मूळ ओढायचं नाही. सगळ्यांनी वचन दिलं, आणि मनापासून दिलं. कुणालाच ते मोडायचं नव्हतं.

बंदी उठायच्या दिवशी रातू अपाकुकींनी निरोप पाठवला की पाण्यात पहिलं पाऊल उनाइसीनं टाकावं. आमच्याकडे हा मान प्रमुखाच्या घरातल्या बाईचा असतो. तो तिला दिला. खांब उपटले गेले, शंख वाजला, आणि ती पुढे झाली, मागोमाग सगळ्या बायका. कमरेएवढ्या पाण्यात वाकून त्यांनी खुडायला सुरुवात केली. पेरांनी, हलक्या हातानं, शिकवलं होतं तसं. तराइविनी तिच्या शेजारी होती. "बघ कसा माजलाय," ती म्हणाली, "रातूंसारखाच. खाऊन खाऊन." दोघी हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

पण पेरांनी खुडणं म्हणजे वेळखाऊ काम. किनाऱ्यावर पाहुण्यांच्या होड्या लागायला लागल्या. एका गावची, मग दुसऱ्या, मग सबंध बेटाची. मांडवापुढे चटया अंथरल्या होत्या, नामा त्यांवर रास घालून मांडायचा होता, आणि पाणी चढायला लागलं होतं. वेरेमो किनाऱ्यावर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. तो कधीच ओरडत नाही. त्यानं सांगितलं की अर्ध्या चटया रिकाम्या आहेत, आणि मुआनिदेवोचे लोक येऊन बसलेत, बघतायत.

पाणी छातीला आलं. अजून थोडा वेळ, की खडप हाताला लागणार नव्हतं. बायकांचे हात थांबले. कुणी एकमेकींकडे बघितलं नाही, सगळ्यांनी उनाइसीकडे बघितलं. ती नाही म्हणाली असती तर त्यांनी ऐकलं असतं. याच गोष्टीनं ती पुढे झोपेतून उठून बसायची. नाही म्हणाली असती तर बायका पेरांनीच खुडत राहिल्या असत्या, चटया रिकाम्या राहिल्या असत्या, आणि ज्यानं आपलं नाव तिच्या राखणीला बसवलं होतं, त्या माणसाची परक्या गावांपुढे शोभा झाली असती. दर गुरुवारी दारातून ओरडणारा माणूस. उनाइसी खाली वाकली, मुळाशी मूठ आवळली आणि ओढलं.

फार सहज निघालं. हाताला काही लागलंच नाही, केस ओले असले की गळतात तसं. मग सगळ्याच ओढायला लागल्या. टोपल्या भरल्या. पाणी खांद्याला येईपर्यंत त्यांनी त्या खडपाला बोडकं केलं, आणि सगळ्यांत पुढे तीच होती, कारण करायचंच तर अर्धवट करायचं नाही अशी तिची सवय.

चटयांवर अशी रास झाली की पाहुण्यांच्या वतीनं बोलणारा म्हातारा उठून त्या राशीभोवती फेरी मारून आला. मग म्हणाला, असा निरोप कुठल्याच रातूला मिळाला नसेल. लोकांनी हुंकार भरले. केलेरा दोन्ही हातांनी खात होती, हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. उनाइसीनं आपल्या ताटातलाही तिला दिला. निम्मी रास तशीच उरली. एवढी माणसंसुद्धा खाऊन खाऊन किती खाणार? दुपारी एक सर येऊन गेली आणि उरलेल्या नामानं मान टाकली. तिन्हीसांजेला बायकांनी तो डुकरांपुढे ओतला. डुकरांनीही हुंगून सोडला.

गुरुवारी उनाइसी ओहोटीला खडपावर गेली. पांढरा खडक, मधे कुठेतरी बोटभर हिरवं. वर्षभरात परत धरेल, किंवा दोन वर्षांत, किंवा नाही. तिनं भागमतीला फोन केला. भागमतीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, एक टोपली ठेवायची होतीस बाजूला. एक." मग फोनमधले पैसे संपले.

होडी फणसाच्या झाडाखाली ओढून ठेवली. इलिआसेरीनं इंजिन काढून त्याला तेल लावलं, गोणपाटात गुंडाळलं, जणू पुढच्या आठवड्यात लागणारच आहे. बायकांनी कुणीही तिला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तराइविनीसुद्धा आता तिच्याशी परक्या बाईशी बोलावं तसं नीट बोलायची, आणि ते तिला सगळ्यांत जास्त लागायचं. रातू अपाकुकींनी माणूस पाठवून एक चटई दिली, तिच्या सेवेबद्दल. चांगली चटई होती.

सोमवारी पहाटे केलेरा वळकटी डोक्यावर घेऊन बाकीच्या पोरांबरोबर उभी राहिली. रडली नाही. तिला ती एक मोठी सहल वाटत होती. होडीतून हात हलवत राहिली, शेजारच्या पोराला कोपरानं ढकलत राहिली. उनाइसीला वाटलं, ही पोर वेगळी आहे. एवढी आगाऊ पोर काही सहजासहजी वळणावर यायची नाही. त्या आठवड्यात ती स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि चुलीवरचं भांडं रिकामं असलं तरी झाकण उघडंच ठेवत होती.

शुक्रवारी संध्याकाळी केलेरा आली. उनाइसीनं कसावा उकडला होता, नारळाच्या रसात मासा होता. भांडं तिनं मुद्दाम पोरीच्या हाताशी ठेवलं. केलेरानं वसतिगृहातलं काय काय सांगितलं. एका मुलीच्या केसांत उवा झाल्या, मास्तरीणबाई झोपेत घोरतात, पुढच्या आठवड्यात सगळ्यांना नवीन गाणं शिकवणार आहेत. सांगता सांगता ती जेवली. ताटातलं संपवलं. मग हात मांडीवर ठेवले.

"बुबू," ती म्हणाली, "आणखी एक घेऊ का?"

इलिआसेरी हसला. म्हणाला, बघ, कार्टीला वळण लागलं. उनाइसीनं भांडं पोरीच्या आणखी जवळ सरकवलं.

"घे," ती म्हणाली. "घे की बाळा, तुझंच आहे."

केलेरानं एक तुकडा घेतला, तोही लहान बघून, आणि भांड्यावर झाकण नीट ठेवलं.